कानाने भाजलेलं

रविवारी सकाळी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, असा नियम होता. मला तो कधी पाळता आला नाही, ते सोडा. पण नियम होता, कारण त्या वेळी हे स्वयंपाकघरात भाजत असायचे.

हे म्हणजे माझा नवरा. आगगाड्यांच्या यार्डात चाकं ठोकून बघायचं काम. गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तिच्या कडेने चालायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. चाक धड असलं की ते बराच वेळ वाजत राहतं. त्याला तडा गेला असला की आवाज जागच्या जागी मरतो. सदतीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. मुलगी लहान असताना शाळेत बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय करतात, तर म्हणाली, बाबा गाड्यांना मारतात. त्यावरून आम्हाला शाळेत बोलावणं आलं होतं. यार्डात सगळे यांना "कानवाले" म्हणत, आणि हे बाहेरून कितीही साधे दिसले तरी ते नाव ऐकलं की यांची छाती दोन इंच फुगायची. मी लग्नाची बायको आहे, मला दिसायचं.

आता भाजायचं काय, ते सांगते. त्याला आमच्या घरात नाव नाही, नुसतं "डब्यातलं" म्हणतात. डब्यातलं आहे का गं थोडं, असं विचारत शेजारीण येते. मुलगी कामावरून आली की पर्स खांद्यावर असतानाच हात घालते. आदल्या दिवशीच्या पावाचे फाशाएवढे तुकडे, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया आणि कॉर्नफ्लेक्स, एवढंच असतं त्यात. वरून मीठ, मिरपूड, लाल तिखट, वाळवून कुटलेला लसूण आणि चिमूटभर साखर. साखरेचं कोणाला सांगायचं नाही असं मी इतकी वर्षं पाळलं, आज बोलून गेले.

मसाला माझा, भाजणं त्यांचं. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच ही वाटणी झाली, कारण मी भाजलेला पाव एक तर करपायचा, नाही तर आतून ओला राहायचा. एक दिवस त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून ट्रे काढून घेतला. माझ्या हातचं काम कोणी काढून घेतलं की माझं डोकं फिरतं, तसं तेव्हाही फिरलं. पण त्यांनी भाजलेला तुकडा तोंडात घातला आणि मी गप्प बसले. मी गप्प बसले, म्हणजे विचार करा.

आमच्या ओव्हनचं दार नीट लागत नाही, त्यात फडक्याची घडी अडकवावी लागते. पाव आधी पातळ केलेल्या लोण्यात घोळवायचा आणि मंद आचेवर ठेवायचा. घड्याळाकडे बघायचं नाही. पाव एक दिवस सुका असतो, एक दिवस ओलसर, घड्याळाला त्यातलं काय कळतंय, असं यांचं म्हणणं. थोड्या थोड्या वेळाने ट्रे बाहेर काढून कानाजवळ हलवायचा. आत ओल असली तर तुकडे पत्र्यावर थप थप पडतात. पूर्ण वाळले की आवाज बारीक आणि कोरडा येतो, खडे हलवल्यासारखा. शेंगदाण्यांची गंमत वेगळी. ते आधी तडतडतात, आणि तडतड थांबली की लगेच बाहेर काढायचे, उशीर झाला की कडू. कॉर्नफ्लेक्स अगदी शेवटी, नुसते गरम करण्यापुरते. मग सगळं परातीत ओतलं की माझी पाळी. गरम आहे तोवरच मसाला भुरभुरायचा, कारण गार झाल्यावर तो चिकटत नाही, तळाशी जाऊन बसतो. नंतर कागदावर पसरून पार गार होऊ द्यायचं. कोमट असताना भरलं की डब्यात वाफ धरते आणि दोन दिवसांत सगळं सादळतं. भरून झालं की हे डबा कानाशी नेऊन एकदा हलवायचे आणि "झालं" म्हणायचे. अर्धा डबा घरी, अर्धा सोमवारी यार्डात.

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस डब्यातलं सादळायला लागलं. मंगळवारी झाकण उघडलं तर पाव चघळावा लागेल इतका मऊ. मी झाकणाला दोष दिला आणि नवा डबा आणला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मी पाववाल्याकडे गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याची खरडपट्टी काढली. पाव कच्चा काढतोस म्हटलं, आमचं इतक्या वर्षांचं बिघडवलंस. तो बिचारा शपथेवर सांगत होता की पीठ तेच आणि भट्टीही तीच. मी म्हटलं, मग तुझं लक्ष कुठे असतं ते बघ. घरी येऊन हा सगळा प्रसंग मी यांना रंगवून सांगितला. मला वाटलं होतं हसतील. हे खाली बघून म्हणाले, जाऊ दे, त्याला उगीच बोललीस.

त्याच सुमारास यांनी डब्यातलं खाणं सोडलं होतं. दाढ दुखते म्हणाले. मी दाताच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागले, तर रोज नवी सबब.

मग तो रविवार आला. मी गच्चीत कपडे वाळत घालून खाली आले आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबले. यांची पाठ माझ्याकडे होती. यांनी ट्रे काढला, कानाशी नेऊन हलवला. थप थप. मला दारातून ऐकू आलं. यांनी मान तिरकी केली, दुसरा कान पुढे केला, पुन्हा हलवला. पुन्हा थप थप. आणि स्वतःशीच म्हणाले, "झालं."

मी अगदी हळू हाक मारली, अहो. हे वळले नाहीत. जरा मोठ्याने मारली, तरी नाही.

आता माझा आवाज कसा आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी साधं "चहा घेता का" विचारलं तरी वरच्या मजल्यावरचे कप काढतात. या आवाजावरून मी जन्मभर बोलणी खाल्ली, आणि याच आवाजामुळे मला चार महिने पत्ता लागला नाही. माझं बोलणं यांना ऐकू यायचं, म्हणून मला वाटायचं सगळंच येतं.

मी पुढे होऊन त्यांच्या हातातला ट्रे घेतला. मग दोन वाट्या काढल्या. एकीत भाजलेले शेंगदाणे, दुसरीत कच्चे, दोन्हींवर झाकणं. त्यांना भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. मी काय करतेय ते त्यांना कळलं, पण नाही म्हणाले नाहीत, मुकाट्याने वळून बसले. मी त्यांच्या कानाजवळ एक वाटी हलवली, मग दुसरी, आणि विचारलं, भाजलेले कुठले?

"पुन्हा हलव," म्हणाले.

मी हलवल्या.

"पुन्हा एकदा."

तिसऱ्यांदा हलवून मी वाट्या खाली ठेवल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. कधीपासून, म्हणून विचारलं. थंडी सुरू झाली तेव्हापासून, म्हणाले. बोलणं येतं ऐकू, माणूस समोर असला की चांगलंच येतं. वरचा बारीक आवाज तेवढा गेला. डब्यातलं तोंडात घातलं तरी वाजत नाही, त्यामुळे ते सादळलंय की आपला कान गेलाय हे कळत नाही, म्हणून खाणंच सोडलं. बिचाऱ्या पाववाल्याला मी फाडून खाल्लं तेव्हाही यांना आपल्या कानाचा संशय होताच.

"आणि चाकं?" मी विचारलं.

चांगलं चाक असलं की दांड्यातून हाताला झिणझिण्या येतात, त्यावरून समजतं, असं म्हणाले. इतक्या वर्षांचा हात आहे.

"एकदाही चुकला नाहीत?"

"चुकलो असतो तरी मला कसं कळणार?"

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. म्हणजे हा प्रश्न ते चार महिने रोज स्वतःला विचारत होते, आणि रोज हातोडी उचलून जात होते. मी म्हटलं, अहो, आपली मुलगी रोज आठ दहाच्या गाडीने जाते.

"तिच्या गाडीची चाकं मी दोनदा ठोकतो."

"आणि बाकीच्यांच्या मुली?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तितकीच दयाही आली होती. दोन्ही एकदम आलं की मला काय करावं सुचत नाही, मी भांडी घासायला घेते. सगळी भांडी घासून झाली तरी हे तिथेच बसलेले. शेवटी म्हणाले, हातोडी काढून घेतील गं. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलंय, तेवढं कानवाला म्हणून निघालं असतं. मी नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

सोमवारी सकाळी हे नेहमीच्या वेळेला निघाले आणि अकराला परत आले. हात रिकामे. यार्डाच्या मोठ्या साहेब एक बाई आहेत, वयाने आमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. यांनी त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, थंडीपासूनचं, काही न वगळता. त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लगेच फोन उचलला. यांनी ठोकलेल्या सगळ्या गाड्या पुन्हा तपासायच्या, यार्डात आहेत त्या आत्ता, बाहेर गेल्यात त्या जिथे असतील तिथे. यांना म्हणाल्या, तुम्ही घरी थांबा, काय निघेल ते मी स्वतः कळवीन.

मग दोन दिवस आम्ही थांबलो. हे खिडकीशी बसून राहिले. जेवायला बोलावलं की येत, दोन घास खाऊन परत जात. मुलीला सांगितलं तेव्हा ती बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून राहिली. मी पाववाल्याकडे जाऊन माफी मागून आले. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे तीही जरा भांडल्यासारखीच झाली. पण त्याला कळलं असावं, कारण त्याने पाव कागदात बांधून दिला आणि यांची तब्येत कशी आहे म्हणून चौकशी केली.

बुधवारी दुपारी फोन वाजला. वाजला तरी हे वळले नाहीत. मी उचलला. साहेबबाई होत्या. मुलीची गाडी तपासून झाली होती, तिची सगळी चाकं धड निघाली. यार्डातल्या गाड्याही ठीक होत्या. पण बाहेर गेलेली एक लांबची गाडी काल मधल्या स्टेशनवर थांबवून बघितली, तर तिसऱ्या डब्याच्या एका चाकाला बोटभर तडा होता. ते चाक यांनी शनिवारी ठोकून पास केलेलं होतं. बाई म्हणाल्या, पुढे उतार आहे, गाडी तिथे वेग घेते. मग म्हणाल्या, त्यांना सांगा की ते बोलले म्हणून आम्हाला ती थांबवता आली.

मी गाडीतल्या माणसांचं विचारून घेतलं, फोन ठेवला आणि खिडकीकडे गेले. हे बाहेर बघत होते. मी त्यांच्या पाठीमागून सांगायला सुरुवात केली, आणि माझा आवाज फुटेना. हो, माझा. एक चाक निघालं, असं मी पुटपुटले. यांना काहीच पोचलं नाही. मग मी त्यांच्या खुर्चीला वळसा घालून समोर उभी राहिले आणि चांगलं खणखणीत सांगितलं, की एक निघालं, शनिवारचं, तुमच्या हातचं. खिडकी उघडी होती. खाली बोलत उभ्या असलेल्या बायका बोलायच्या थांबल्या.

हे माझ्या ओठांकडे बघत होते, पुढचं काय येतंय म्हणून. मला पुढचं बोलता येत नव्हतं, कारण मी रडत होते, आणि ते बघून त्यांनी भलताच अर्थ काढला.

"माणसं?" त्यांनी विचारलं.

"घरी गेली," मी म्हटलं.

रडण्यात ते त्यांना कळलं नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि पुन्हा विचारलं, माणसं?

"घरी गेली," मी सगळा जोर लावून ओरडले. "दुसऱ्या गाडीत बसवलं त्यांना. सगळी घरी गेली."