जर्मन सरांचं पहिलं पान

जर्मन सर आमच्या घरी आले की आधी पाणी मागायचे नाहीत, शब्द मागायचे.

माणूस चंद्रपूरचा, कॉलेजात फारसी शिकवून निवृत्त झालेला. जर्मनीला कधी गेला नाही. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या भाषांपायी जन्म घालवलेला एक जर्मन पंडित त्यांच्या मानगुटीवर बसला होता. 'माह्या जर्मनानं' असं केलं, तसं केलं, हे ऐकून माझे कान किटले. त्या जर्मनाने इथिओपियातल्या एका साधूकडून भाषा शिकून कोश केला. म्हणून सरांना माझ्या बापाकडून गोंडी शिकून कोश करायचा होता.

यायचे तेही मोहाची फुलं गळायच्या दिवसांत, पहाटेच. पडलेला मोह गुरांच्या आधी वेचावा लागतो, हे आमच्या कुरखेड्याकडे शेंबडं पोरही जाणतं. सर मात्र बापाला खाटेवर बसवून एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या लिहीत राहायचे. आई टोपली घेऊन दारात तिष्ठत उभी. तिने तोंड उघडलं की म्हणायचे, "बाई, मोह उद्याबी पडन. शब्द गेला तं गेला." तीन हंगाम आमचा मोह गाईंनी खाल्ला. मला हा माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा.

बाप मात्र पाघळला होता. सरांनी त्याला वचनच दिलं होतं, "दसरूभाऊ, माह्या जर्मनानं आपल्या गुरूचं नाव पुस्तकात मानानं छापलं. तुमचं तं पहिल्याच पानावर राहीन." मी गावातच मास्तर. बाप मला म्हणाला, "मले माह्या नावापुरतं शिकव." महिनाभर कोळशाने अंगण काळं केलं, तेव्हा कुठे 'दसरू' जमलं.

कोश आला, चांगला जाडजूड. बाप पहिल्या पानापासून बोट फिरवू लागला. प्रस्तावनेत जर्मनाचं सगळं चरित्र होतं, त्याच्या गुरूच्या नावासकट. आमच्या वाट्याला 'स्थानिकांचे सहकार्य' एवढेच दोन शब्द. मी संतापून सांगणार, तेवढ्यात बाप म्हणाला, "असन कुठीतरी. मलेच बराबर वाचता येत नसन." आणि त्याने पुन्हा पहिलं पान उघडलं. त्या एका वाक्यासाठी मी सरांना कधीच माफ केलं नाही.

बाप गेला. त्यानंतर दोन वर्षांनी सर गेले. शेवटपर्यंत चिठ्ठ्यांचा डबा उशाशी होता म्हणे. असेल, त्यांचं वेड खोटं होतं असं मी म्हणणार नाही. शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितले.

मी उठलो आणि तीन बोललो. "दसरू चैतू हलामी." मग खाली बसलो.