अठ्ठेचाळीस किलोची अट

जळोचीत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर कॉलेजच्या दोन मुली भाड्यानं राहतात. राहतात वर, पण त्यांचे किस्से जिना उतरून माझ्या स्वयंपाकघरात येतात आणि तिथंच मुक्काम करतात. दर वर्षी जून आला की वाटतं, यंदा काही घडायचं नाही, मुली शहाण्या दिसतायत. तिथंच माझी फसगत होते! आता मी ठरवूनच टाकलंय, मुलगी शहाण्यासारखी वागायला लागली की आधी संशय घ्यायचा.

*

यंदाची स्वप्नाली इंदापूरच्या पुढच्या एका वाडीवरची. तिचे वडील, तात्या, तिला सोडायला आले ते बॅग, गादी आणि चक्क एक वजनकाटा घेऊन!

"काटा कशाला आणलाय?" मी विचारलं.

"डाळिंबाची क्रेट मोजायचा हाय. आबांची अट हाय ताई. पोरगी आज जेवढी भरंल, तेवढीच दिवाळीला भरली पायजे. न्हायतर शिक्षण बंद, पोरगी घरी."

आबा म्हणजे स्वप्नालीचे आजोबा. घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या नात्यातली एक मुलगी शिकायला गेली ती पार वाळून परत आली, तेव्हापासून त्यांचा कॉलेज या गोष्टीवरच संशय.

आमच्या दारात, सगळ्या गल्लीसमोर, बिचारी काट्यावर उभी राहिली. अठ्ठेचाळीस किलो. तात्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, या जगात कुणाच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. व्यापाऱ्याच्या तर न्हायच न्हाय. एक ध्यानात ठेवा. काट्याजवळ माणूस उभा असला की त्याच्या हाताकडं बघायचं न्हाय. पायाकडं बघायचं!"

दर रविवारी फोन करून खरं ते सांगेन, असं माझ्याकडून वदवून घेतलं, काटा परत जीपमध्ये टाकला आणि गेले.

*

दुसरी ऋतुजा, वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. तिनं आल्या आल्या अभ्यासाचं टाइमटेबल करायला घेतलं. सात रंगांची स्केचपेनं, पट्टी, दाराएवढा कागद. सोमवारी बसली, गुरुवारी उठली.

"छान झालंय गं," मी म्हटलं. "पण या चार दिवसांतला अभ्यास?"

"काकू, टाइमटेबलच तयार नव्हतं ना! मग कुठल्या वेळेला काय वाचायचं, मला कसं कळणार?"

*

मग तिनं तीन लिटरची पाण्याची बाटली आणली. बाटलीवर रेघा. आठ वाजता इथपर्यंत प्यायचं, दहाला तिथपर्यंत. चेहरा उजळतो म्हणे! बाटली रोज संध्याकाळी रिकामी.

मी महिनाभर लक्ष ठेवलं. ऋतुजाचा चेहरा होता तसाच राहिला. जिन्याजवळचा माझा कढीपत्ता मात्र असा काही उजळला, की शेजारणी रोप मागायला लागल्या!

*

स्वप्नालीची आई आठवड्यातून तीनदा एसटीनं डबा पाठवायची. कंडक्टर ओळखीचे होते. डबा रिकामा परत आला म्हणजे पोरगी जेवतेय, असा त्या माउलीचा हिशोब. डबा रिकामाच जायचा, वर घासून पुसून लख्ख. अठरा वर्षांची मुलगी कुणी न सांगता डबा घासते? मला काही पटेना.

गणपतीच्या सुमाराला ऋतुजाच्या कुडत्याची शिवण उसवली. ती सुई-दोरा मागायला खाली आली, तशी मी स्वप्नालीलाही हाक मारली.

"आईच्या भाकरी कोण खातं गं?"

ऋतुजानं उसवलेली बाजू हातानं झाकली!

स्वप्नालीला रडूच फुटलं. पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी सहा पडले होते. तेव्हापासून जेवायला बसलं की वेळ वाया जातोय असं वाटायचं. चहा-बिस्किटावर दिवस काढून ती लायब्ररीत बसत होती. "काकू, नापास झाले तरी घरी आणि वाळले तरी घरी. मी करू तरी काय?"

मी तिला हाताला धरून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नेलं आणि काट्यावर चढवलं. चव्वेचाळीस.

रविवारी तात्यांना खरं ते सांगितलं. "दिवाळीला आबा सोबत येनार हायत," एवढं बोलून फोन ठेवला. पोरीबद्दल एक शब्द नाही! मला असा राग आला!

*

मग मी तिला माझ्या स्वयंपाकघरात बसवलं. आता अट माझी. मी भाकरी थापणार, ती पुस्तक मिटून दिवसभरात वाचलेलं मला सांगणार आणि सांगता सांगता जेवणार. मी दहावी शिकलेली. मला कळलं तरच तिला आलं म्हणायचं!

पहिले दोन दिवस तिला पाठ केलेल्या वाक्याच्या बाहेर येता येईना. पंधरा दिवसांत दूध का नासतं, जंतू किती भराभर वाढतात, मला सगळं समजायला लागलं. आमचे हे एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत आहेत. जेवताना मी त्यांना चार प्रश्न विचारले.

ते घास हातात धरून म्हणाले, "पुढची चाचणी तिची आहे का माझी?"

पुढच्या चाचणीत तिला चौदा पडले.

*

एवढ्यात दोघी सकाळी साडेसहाला फिरायला जायला लागल्या. आपण होऊन! आता संशय नको का यायला? मी तोंडाला स्कार्फ बांधला आणि मागं निघाले. त्या कालव्याच्या कडेनं जायच्या. मी पाय उचलला की त्याही उचलायच्या. आठवडा झाला, सापडलं काहीच नाही, माझ्या पोटऱ्या मात्र भरून आल्या.

रविवारी स्वप्नाली म्हणाली, "काकू, तोंड बांधलेली एक बाई रोज आमच्या मागं येती! आमी भीतीनं एवढ्या झपाझप चालतो, की घरी आल्यावर एक भाकरी जास्तीची जाती."

आमचे हे पेपरामागून म्हणाले, "त्या बाईला सांगा, दिवाळीपर्यंत खंड पडू देऊ नको!"

*

दिवाळीची सुट्टी लागली. त्या दिवशी सकाळीच मी तिला मेडिकलमध्ये नेऊन आणलं. सेहेचाळीस. दोन किलो कमी.

दहा वाजता जीप आली. तात्यांसोबत आबा उतरले, दारात खुर्ची मागून घेतली आणि चष्मा चढवला. "मांडा काटा."

"आबा, विसात चौदा पडले," स्वप्नाली हळूच म्हणाली.

"ते कॉलेजचं माप. आता घरचं बघू."

ती काट्यावर चढली. पोरगी घाबरलीय म्हणून तात्या तिला अगदी खेटून उभे राहिले. आकडे पळाले, थरथरले आणि अठ्ठेचाळीसवर थांबले.

मला जूनमधलं तात्यांचं बोलणं आठवलं. मी पायाकडं बघितलं. तात्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काट्याच्या कडेवर होता. इतका दाबलेला, की नख पांढरं पडलं होतं.

आबांनी चष्मा पुसून पुन्हा आकडा वाचला. मग माझ्याकडं वळले. "ताई, तुमी खरं बोलता म्हनं. बराबर हाय का?"

तात्या समोरच्या कढीपत्त्याकडं बघत होते.

"अठ्ठेचाळीसच दिसतोय, आबा," मी म्हणाले. "बसा. चहा टाकते."