भिंगकाकांची पसंती

आमच्या कचेरीत औषधांच्या खोक्यात घालायची माहितीपत्रकं तयार होतात. मजकूर मी जुळवते आणि शेजारच्या टेबलावरचे भिंगकाका तो तपासतात. हे नाव आम्हीच पाडलं, कारण भिंगाशिवाय ते रजेचा अर्जसुद्धा वाचत नाहीत. स्वल्पविराम हलला तरी माझी हजेरी घेणार. मला त्यांचा रागच यायचा.

एका सोमवारी साहेबांनी फर्मान काढलं. कागदावरची तपासणी बंद, यापुढे सगळ्यांनी एकाच ऑनलाइन मजकुरावर काम करायचं. तीन साधनं आठवडाभर वापरून त्यातलं कुठलं घ्यायचं ते काकांनी शुक्रवारी लिहून द्यायचं. काकांच्या पाचावर धारण बसली. निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली; मला वाटलं, म्हातारा संगणकाला घाबरतोय.

पहिल्या साधनात प्रत्येक दुरुस्तीपुढे ती करणाऱ्याचं नाव आणि वेळ उमटायची, आणि काही केल्या पुसता यायची नाही. दुसऱ्यात कोण कुठल्या ओळीवर आहे ते सगळ्यांना रंगीत खुणेनं दिसायचं. तिसरं घडीघडी अडकायचं आणि कुणी काय बदललं याचा पत्ताच लागू द्यायचं नाही. काकांनी त्या तिसऱ्याचंच कौतुक लावलं. साधं आहे, बरं आहे, एवढंच म्हणायचे आणि रुमालानं मान पुसायचे. इतका चिकित्सक माणूस या डबड्यावर कसा भाळला, ते मला कळेना.

गुरुवारी कळलं. पहिल्या साधनात मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक होतं. तपासल्याची खूण पाचच्या आत करावीच लागायची, ती काकांनी केली होती. घरी जाऊन मी सहज उघडून पाहिलं, तर खाली नवी दुरुस्ती: मात्रा २५ मिलिलिटर नव्हे, २.५. पुढे नाव होतं काकूंचं, म्हणजे काकांच्या बायकोचं. टिंब माझ्याच हातून गळलं होतं.

शुक्रवारी काका माझ्याआधी येऊन बसले होते. मी विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं. दोन वर्षांपासून त्यांना अक्षरं धड दिसत नव्हती. कागद घरी न्यायचे, काकू ओळ न् ओळ वाचून दाखवायच्या, काका सांगतील तिथं त्याच लाल खुणा करायच्या. झाकली मूठ होती. काल काकांनी घरी पाठवलेलं पत्रक काकूंनी आपल्याच नावानं उघडलं आणि घोटाळा झाला.

साहेब सोमवारी सगळं बघणार होते. तिसरं साधन घ्या असं आजच लिहून दिलं, तर पहिलं त्यातल्या नोंदींसकट लगेच बंद होणार होतं.

"लिहा काका, आत्ताच लिहा," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, माझीही चूक त्यात गाडली जाणार होती.

काका पडद्याला नाक लावून दोन बोटांनी लिहू लागले. मी मागून वाचलं: पहिलं साधन घ्यावं. चूक कुणाच्या नजरेतून सुटली आणि कुणी पकडली, ते त्यात दिसतं. कालची चूक माझ्या नजरेतून सुटली.

"काका, नोकरी जाईल."

"जाईल. भीती वाटतेय गं, फार भीती वाटतेय. पण हिनं एखाद्या दिवशी वाचलं नसतं, तर पंचवीस मिलिलिटर कुणाच्या तरी लेकराच्या पोटात गेलं असतं."

पाठवायचं बटण शोधताना दोनदा भलतीकडेच दाबलं गेलं. तिसऱ्यांदा दाबून ते पडद्याकडे बघत राहिले.

"गेलं का ते? बघ जरा. मला दिसत नाहीये."