उत्तेजनार्थ म्हणजे बक्षीस की नाही?

सिंगापुरातल्या आमच्या हौगांगच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर माणसं तीन मावतात. त्या शनिवारी दुपारी सासूबाई, नवरा आणि लेक त्यावर बसले होते आणि मी कडेच्या हातावर टेकले होते. टीव्हीवर सोलमधला पुरस्कार सोहळा चालू होता, कोरियातल्या स्वतंत्र, कमी पैशांत काढलेल्या सिनेमांचा.

कोरियन म्हटलं की मला रेशमी केसांचे नायक आठवतात. त्यांच्यापायी मी कित्येक भाज्या करपवल्या आहेत. इथे तसलं कुणीच नव्हतं. छोटं सभागृह, खरखरणारा माइक, आणि मंचावर येणारे दिग्दर्शक कोपऱ्यावर दूध आणायला निघाल्यासारखे. मला तर आमच्या पुण्यातल्या एकांकिका स्पर्धाच आठवायला लागल्या. तिथेही निकालाच्या वेळी नेमका माइक रुसायचा.

लेक वर्षभर सोलला राहून अशाच एका सिनेमात ध्वनिमुद्रणाला मदतनीस होती. सगळा सिनेमा दिग्दर्शकबाईंच्या मावशीच्या स्वयंपाकघरात झाला. आवाज नको म्हणून फ्रिज बंद ठेवायचे आणि मग आतलं नासायच्या आत सगळ्यांनी मिळून खायचं. पोरगी तिथून जाडी होऊन परतली.

बाईंनी तिला पुढच्या सिनेमालाही बोलावलं होतं. इकडे मी ओळखीतून तिच्यासाठी एका बँकेत मुलाखत ठरवून ठेवली होती. बरीच धुसफुस होऊन शेवटी तह झाला: बक्षीस मिळालं तर सोल, नाही मिळालं तर बँक. सकाळी मी देवापुढे दिवा लावला, पण नेमकं काय मागावं ते ठरेना. नुसताच नमस्कार केला.

एकेक बक्षीस जाहीर होत गेलं. आमचं काही नाव येईना. लेक नखं खात होती आणि मला वाटलं होतं तेवढा आनंद काही होत नव्हता. मग अगदी शेवटी परीक्षकांचा ‘विशेष उल्लेख’ पुकारला गेला आणि आमच्या दिग्दर्शकबाई तोंडावर हात ठेवून उठल्या.

“मिळालं,” लेक म्हणाली.

“उल्लेख मिळाला,” मी म्हटलं. अकाउंटंटची जात, रकाना चुकवत नाही. नवऱ्यानंही ट्रॉफी कुठे दिसत नाही, नुसता कागदच आहे, असं निरीक्षण नोंदवलं.

“आई, डोन्ट लाइक दॅट लाह.” लेकीच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणजे, असं नको ना करूस.

प्रकरण सासूबाईंकडे गेलं. त्या निवृत्त शिक्षिका, जन्मभर स्नेहसंमेलनांच्या परीक्षक. आपल्याकडे याला काय म्हणतात, एवढंच त्यांनी मला विचारलं.

“उत्तेजनार्थ,” मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

“मग? उत्तेजन द्यायचं आणि घरी बसवायचं, असं कुठं असतं का गं?”

कॉलेजात अभिनयासाठी मलाही उत्तेजनार्थच मिळालं होतं. आईनं ते प्रमाणपत्र फ्रेम करून दारासमोर लावलं, आणि आल्यागेल्याला ‘अभिनयाचं बक्षीस’ म्हणून दाखवलं. पुढचा शब्द तिनं कधी वाचूच दिला नाही.

सोमवारी मी बँकेतल्या ओळखीच्या बाईंना फोन केला. म्हटलं, मुलाखतीला ती येणार नाही, तिच्या सिनेमाला पुरस्कार मिळालाय.

“अरे वा, कुठला?”

“कोरियातला,” मी म्हटलं आणि घाईघाईनं त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.