वानखडे बाईंचं पोटकलम ड

मुलानं संधी चुकीचा सोडवला तर त्याचा एक गुण जातो. मी मराठीची बाई असून चुकीचा सोडवला, तर माझी नोकरीच जायला निघाली. शब्द होता ‘सेवांतर्गत’. सातवीच्या वर्गात मी त्या आठवड्यात स्वरसंधीच शिकवत होते, हातात खडू नाचवत, मोठ्या तोऱ्यात. आणि माझ्याच नावानं आलेल्या पत्रातला हा शब्द मी ‘सेवा’ अधिक ‘अंत’ असा फोडला, उरलेलं ‘र्गत’ टंकलेखकाची चूक म्हणून सोडून दिलं, आणि आपल्याला कामावरून काढलं असं समजून राजीनामा लिहून मोकळी झाले. व्याकरणातला संधी पुल्लिंगी आणि आयुष्यातली संधी स्त्रीलिंगी. मी एकाच दुपारी दोघांचा बट्ट्याबोळ केला. त्यातून ज्यांनी मला बाहेर ओढलं त्या प्रमिला वानखडे बाई पाच आठवड्यांपूर्वी गेल्या. सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, “मावशी, आई गेली… चहा पिता पिता.” फोन ठेवल्यावर मनात आलं, माझी फजिती रंगवून सांगणारं आता कोणीच उरलं नाही. म्हणजे ती मलाच सांगावी लागणार.

मोताळ्याच्या अलीकडं रस्त्यालगतच्या एका गावात आमची शाळा होती, खासगी संस्थेची. बाई गणित शिकवायच्या. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, अंगानं बारीक, आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. संग्रामपूर तालुक्यातल्या एका वस्तीवर त्या वाढल्या. घरी आईवडिलांना अक्षर येत नव्हतं, म्हणून वस्तीत कोणाचं पत्र आलं, नोटीस आली, औषधाची बाटली आली की वाचायला प्रमिला. सात वर्षांच्या पोरीसमोर म्हातारी माणसं कागद धरून बसत आणि ती शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचून दाखवी. ती सवय त्यांना जन्मभर राहिली. एसटीच्या तिकिटाची मागची बाजू वाचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. भज्यांचा कागद भजी संपल्यावर त्या उलगडून वाचत आणि बातमी अर्ध्यात फाटलेली निघाली की भजेवाल्यावर चिडत.

माझं नेमकं उलट. नेमणुकीच्या दिवशी संस्थेनं चार पानी करारनामा पुढं ठेवला, तेव्हा माझं सगळं लक्ष नव्या नारळी पातळाच्या निऱ्यांकडं होतं. सही कुठं करायची तेवढं विचारलं आणि चारही पानांवर वळणदार सही ठोकली. बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, “वाचलं का?” मी म्हटलं, “हो.” त्या म्हणाल्या, “मंग सांग पाहू, कलम नऊ काय हाय?” मी हसले. त्या हसल्या नाहीत. कलम नऊ प्रशिक्षणाचं होतं. आमच्या शाळेत प्रशिक्षणाचं पत्र आलं की हेडसर आपल्या मर्जीतल्या दोघा गुरुजींना पाठवत. बाईमाणसानं मागितलं तर म्हणत, “रजा टाका अन् जा.” बाईंनी पहिल्याच वर्षी करार टेबलावर ठेवून कलम नऊ वाचून दाखवलं होतं, प्रशिक्षणाचे दिवस कामाचेच धरायचे आणि प्रवासभाडं संस्थेनं द्यायचं म्हणून. तेव्हापासून त्यांना पाहिलं की हेडसर चष्मा पुसायला घेत.

तर ती दुपार. मधल्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या तासाला शिपायानं पत्र आणून दिलं. ‘आपणांस कळविण्यात येते की सेवांतर्गत…’ एवढं वाचलं आणि पुढची अक्षरं डोळ्यांसमोर पोहायला लागली. माझी नोकरी मोठ्या मिनतवारीनं टिकलेली. घरात सासूबाईंना ती पसंत नव्हती, पोरगी वर्षाची होती, आणि संस्थेच्या सचिवांची मेहुणी माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. मला वाटलं, झालं, काढलं आपल्याला. आणि मग माझ्यातली मानी नायिका जागी झाली. त्यांनी काढण्याआधी आपणच जायचं! ओळींचा कागद घेतला आणि राजीनामा लिहिला. त्यात मी उपमा वापरली होती, ‘मावळत्या सूर्याप्रमाणे मी या शाळेचा निरोप घेत आहे.’ वय वर्षं अठ्ठावीस. मावळता सूर्य!

कागद हेडसरांकडं दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी उतरली. “पक्का विचार केला ना?” एवढंच विचारलं. मी मान ताठ करून हो म्हटलं. “ठीक हाय. आज पाच वाजता संस्थेची बैठक हाय, तिच्यात ठेवतो.” मी सातवीच्या वर्गात जाऊन निरोपाचं भाषण केलं. पोरी रडल्या. एकीनं उभं राहून विचारलं, “बाई, मंग उद्याची चाचणी रद्द का?” आणि हो म्हटल्यावर तिचं रडणं जागच्या जागी थांबलं. मी माझी छत्री चित्रकलेच्या सरांना दिली, खडूंचा डबा शिपायाला दिला, शब्दकोश कोणी घेईना म्हणून तो टेबलावरच ठेवला.

बाई त्या दिवशी दाढ काढायला बुलढाण्याला गेल्या होत्या. साडेचारच्या सुमाराला परतल्या, एक गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. वर्गात रडारड पाहून दारातूनच ओरडल्या, “कोन मेलं वं?”

मी म्हटलं, “बाई, मी चालले.” आणि पत्र पुढं केलं. त्यांनी ते वरच्या जावक क्रमांकापासून खालच्या सहीशिक्क्यापर्यंत वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं.

“सोडव,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“संधी सोडव. पोरींसमोर सोडव. सेवांतर्गत.”

“सेवा… अधिक… अंत…”

“अंतर्गत वं माय! अंतर्गत! नोकरीत राहूनच घ्यायचं प्रशिक्षण! बुलढान्याले तीन आठवडे जायचं हाय तुले, शिकायले! अन् तू कायले रडून राह्यली?” मग एकदम आवाज खाली आला. “राजीनामा-बिजीनामा तं नाही देला ना?”

मी हेडसरांच्या खोलीकडं बोट केलं. तेवढ्यानं त्यांना कळलं. सुजलेल्या गालावर हात ठेवून त्या तडक निघाल्या, वाटेत शिक्षकखोलीतल्या आपल्या कपाटातून करारनामा काढला आणि हेडसरांच्या खोलीत शिरल्या. मी मागं, पदर तोंडाला लावून. पाचला पंधरा मिनिटं कमी होती. हेडसर फाइल बगलेत मारून उठतच होते.

“हे खर्चे बाईचं परत द्या सर,” माझ्याकडं बोट करत बाई म्हणाल्या. “तिनं पत्र चुकीचं वाचलं.”

“आता कसं देता येईन? लेखी आलं हाय. त्याह्यचा त्याह्यनं देला.”

“तुमाले तो घेताच येत नाही.” बाईंनी करारनामा उघडला, हातभर लांब धरला आणि बोळा गालात सरकवून खड्या आवाजात वाचायला लागल्या. “कलम नऊ, पोटकलम ड. सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी निवड झालेल्या शिक्षकाचा राजीनामा, प्रशिक्षण पूर्ण होऊन एक वर्ष लोटेपर्यंत, स्वीकारता येणार नाही. स्वीकारल्यास प्रशिक्षणाचा संपूर्ण खर्च मुख्याध्यापकाकडून वसूल करण्यात येईल.”

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“हाव हाव,” ते म्हणाले, “मले नका सांगू. मले पाठ हाय ते कलम.” आणि फाइलमधून माझा मावळता सूर्य काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलला, व्हरांड्यात आल्यावर सवयीप्रमाणं वाचला, आणि म्हणाल्या, “उपमा बरी हाय.” मग त्याचे चार तुकडे केले. मला हसू आणि रडू एकत्रच फुटलं… त्यांना हसताही येत नव्हतं, दाढ ठणकत होती. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी छत्री परत द्यायला जरा कुरकुर केली, तेवढंच नुकसान. चाचणीही झाली.

मी बुलढाण्याला गेले. लग्नानंतर पहिल्यांदा तीन आठवडे दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायले आणि दुसऱ्याच्या वर्गात बाकावर बसले. सासूबाईंनी पोरीला सांभाळलं. बाईंनी घरी जाऊन त्यांनाही कलम नऊ ऐकवलं होतं म्हणे. प्रशिक्षणात मी शिकले की व्याकरण फळ्यावर शिकवायचंच नसतं, पोरांच्या अंगात उतरवायचं असतं. एकाच्या गळ्यात एका शब्दाची पाटी, दुसऱ्याच्या गळ्यात दुसऱ्या शब्दाची, आणि दोघांनी पळत येऊन एकमेकांना धडकायचं. परत आल्यावर शिकलेलं सहकाऱ्यांना शिकवायचं, असंही कलम नऊमध्येच होतं. ते मात्र खरंखुरं पाळावं लागलं. सगळी शिक्षकमंडळी बाकांवर बसली. मी ‘सेवा’ची पाटी बाईंच्या गळ्यात घातली आणि ‘अंतर्गत’ची हेडसरांच्या. दोघं चालत आले, हेडसर ऐन वेळी थबकले, बाई नाही थबकल्या. त्या धडकेनंतर आमच्या शाळेत हा संधी कोणी चुकला नाही.

पुढं बाईंमुळं आमच्या शाळेतली एकेक शिक्षिका प्रशिक्षणाला गेली, कामाचे दिवस धरून, भाडं घेऊन. आणि मी? मी जिथं जाईन तिथं पोटकलम ड चा डंका पिटला. प्रत्येक प्रशिक्षणात, प्रत्येक नव्या पोरीला, “अगं, कलम नऊ ड पाहा, तुझा राजीनामा कोणी घेऊच शकत नाही!” संग्रामपूरकडच्या एका शिक्षिकेनं माझं ऐकून तिच्या संस्थेला तसं लेखी कळवलं आणि संस्थेनं घाबरून तिचं म्हणणं मान्यही केलं. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना ठसका लागला होता. मला वाटलं, सुपारी.

यंदा माझ्या नातीला बुलढाण्यात एका खासगी शाळेत नोकरी लागली. करार तिच्या फोनवर आला. ती म्हणाली, “आजी, यात लिहिलंय, व्यावसायिक विकासाचे वर्ग रविवारी आणि स्वखर्चानं. तुमच्या वेळी काय होतं गं?” मी छाती फुगवली. “थांब, तुला आमचं कलम नऊ दाखवते.” पलंगाखालची ट्रंक ओढली, तळातून करारनामा काढला आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागले. पोटकलम अ, प्रशिक्षणकाळ कर्तव्यकाळ समजण्यात येईल. ब, प्रवासभाडे संस्था देईल. क, शिकलेलं सहकाऱ्यांना शिकवावं. आणि त्याखाली… कलम दहा. मी पान उलटलं. उजेडाशी धरलं. ड नव्हतंच. शेवटच्या पानावर ओळ होती, ‘वरील सर्व अटी मी वाचल्या असून त्या मला समजल्या आहेत’, आणि तिच्याखाली माझी ती वळणदार सही.

नातीला घेऊन तशीच बाईंकडं गेले. निवृत्तीनंतर त्या बुलढाण्यातच राहत. अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या, पाय सुजलेले, हातात गोळ्यांचं पाकीट, त्यावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचणं चालू. मी करारनामा त्यांच्या मांडीवर ठेवला.

“बाई, यात ड नाही.”

त्यांनी भिंगातून माझ्याकडं पाहिलं. “नाही?”

“अ, ब, क. पुढं काही नाही. तुम्ही ते ड मनानंच रचून वाचलं!”

“हेडसरला तं पाठ होतं.” आणि मग त्या अशा हसायला लागल्या की गोळ्यांचं पाकीट खाली पडलं. मीही हसले, नातही हसली, तिला पुरतं कळलं नव्हतं तरी. श्वास लागला म्हणून त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, नातीला जवळ बोलावून म्हणाल्या, “तू ते अ अन् ब तुह्या शाळेले दाखव. ते खरे हायत.” आणि तिच्या फोनवरचा करार घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. अर्धा तास त्यांनी मान वर केली नाही.

निघताना मी विचारलं, “इतकी वर्षं मला सांगितलं काऊन नाही? मी जिल्हाभर सांगत हिंडले!”

बाईंनी भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “अवं, कागद तं तुह्याच ट्रंकेत होता. मी वाट पाहून राह्यली होती. वाचला ना आज? मंग झालं तं… पूर्ण झालं आता तुह्यं प्रशिक्षण.”