पट्टीची तहान

माझ्या ताईच्या नवऱ्याइतका धातूच्या नादी लागलेला माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात झाला नाही, पुढे होईलसंही वाटत नाही. भाऊजी वरोऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. लग्नात नवरदेवाच्या हातातली कट्यार मागून घेत आणि वाकते का ते बघत. घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकचा तुटका पाटा दिसला की त्याचा तुकडा खिशात जाई; मग ताई ती पँट धुताना त्यांचा यथेच्छ उद्धार करायची.

ऐंशीच्या दशकात केव्हातरी नागपूरच्या एका संशोधक मित्राने त्यांना कागदासारखी पातळ, चकचकीत पट्टी दिली. वितळलेला धातू गरगर फिरत्या थंड चाकावर ओतून केलेली. अणूंना रांग लावायला सवडच मिळाली नाही, होते तिथेच गोठले. "पंगत नीट बसली असन तं मधात कोण घुसन? पण घोळका असला का कुठीबी जागा," भाऊजी मला सांगत होते. "ह्या घोळक्यात हायड्रोजन घुसते. मले पाह्यचं हाय, किती पिते ते!" पट्टी एकच होती. तिचं वजन वाढलेलं दाखवलं, तर मित्र त्यांना आपल्या कामात घेणार होता. कॉलेजचा नाजूक काटा बिघडलेला, म्हणून त्यांनी ती ओळखीच्या सोनाराकडे तोलून घेतली. मग हायड्रोजन भरलेल्या काचेच्या नळीत घालून, मंद आचेवर ठेवून पहारा सुरू. जेवताना ताईला विचारायचे, "प्याली असन का वं?" ताई म्हणायची, "तुमी आधी पाणी प्या."

भाऊजी पुन्हा वजन करायला गेले तेव्हा मीही सोबत होतो. नळीत राहून पट्टी काळवंडली होती. भाऊजी चपला काढेपर्यंत सोनाराने ती चिमट्यात धरून दिव्यावर नेलीसुद्धा! मळलेला डाग, म्हणजे दागिना, तापवून मगच तोलायचा, हा त्याच्या घराण्याचा रिवाज. पट्टीतून फट्‌कन एक फिकट ज्योत निघाली आणि विझली.

"अगा बापा! सर, हे तं पेटून राह्यलं!"

काटा पहिल्याच वजनावर थांबला. प्यालेलं सगळं पट्टीने आचेवर ओकून टाकलं होतं, आणि त्या तापण्याने अणूंची पंगत बसली, त्यामुळे ती पुन्हा पिण्याजोगीही उरली नव्हती. बिचारा सोनार हात जोडून म्हणाला, "सर, मी येतो नागपूरले. सांगतो का म्या डोयानं पाह्यलं."

भाऊजींनी मित्राला खरं तेच कळवलं. बोलावणं काही आलं नाही, आणि भाऊजी शेवटपर्यंत वरोऱ्यातच शिकवत राहिले. आज ते नाहीत. त्या दिवशी परतताना मी सोनाराला शिव्या घालत होतो. त्यांनी मला थांबवलं.

"अबे, प्याली होती ना ती! कशी सुंदर जळली, नाई?"