साडू आणि सरळ रेघ

माझ्या साडूएवढा संशयी माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही, आणि असलाच तर साडू त्याच्यावरही संशय घेईल. जवानीत तो कुवेतला पाण्याचा टँकर चालवायचा. इराकची फौज घुसली तेव्हा टँकर तिथंच टाकून तो वाळवंटातून जॉर्डनमधल्या निर्वासितांच्या तंबूत पोचला आणि तिथून विमानानं घरी आला. सोबत आणला फक्त अरब मुलखाचा नकाशा. तो अजून त्याच्या देवघराशेजारी टांगलेला आहे. "साडूभाऊ, ह्या सरळ रेघा बघा. नदी अशी वाहती का? दोन गोरे साहेब बसले, पट्टी ठेवली, ओढल्या. तिथं राहणाऱ्याला कुणी इचारलं? नाय. शंभर वर्षं झाली, अजून रगत सांडतंय."

तेव्हापासून सरळ रेघ दिसली की त्याचं डोकं फिरतं. पडेगावच्या माझ्या प्लॉटच्या मोजणीला आला आणि मोजणीदाराला म्हणाला, "तुम्हाला कुणी पाठवलं?" तो बिचारा म्हणाला, "तुमच्याच माणसानं अर्ज दिलाय." "तेच म्हणतो मी," साडू माझ्याकडं डोळे बारीक करून म्हणाला. वेरूळच्या रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरही त्याचा भरवसा नाही. माझी बायको, त्याची आक्का, हसून बेजार व्हायची. मला मात्र त्याचाच संशय यायचा, की हा रोज येतो तो हिच्या हातच्या चहासाठी. ती गेली, चहा बंद झाला, तरी हा येतच राहिला. मग मला वाटलं, याचा डोळा आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरावर आहे.

यंदा पोरांनी घराची वाटणी काढली. दोरी लावून दारापासून न्हाणीपर्यंत पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. रेघ बरोबर खिडकीखालून गेली, जिथं बसून बायको भाजी निवडायची. तिथं आता भिंत येणार होती. पोरांशी काय भांडायचं?

साडू आला, चपला न काढताच रेघेपाशी थांबला. "ही कुणी ओढली?"

"आम्हीच, काका. अगदी मधोमध आहे."

"ह्यांना इचारलं का?"

"बाबा काही म्हणालेच नाहीत."

"नकाशातले लोक बी गप्पच होते, लेका!"

मग तो खाली बसला, हातानं फक्की पुसली आणि खिडकीखालची जागा सोडून रेघेला वळसा घातला. थोरला म्हणाला, "माझी दोन हात जागा जातीय." साडू म्हणाला, "तिथं तुझी आई बसायची." थोरल्यानं दोरी उचलून वळशावर धरली.

भिंत तशीच वाकडी उठली. गवंडी अजून मला येडा समजतो.

आता रोज चार वाजता मी त्या वळणात बसतो, स्वतः चहा करतो, दोन कप. साडू आधी वास घेऊन बघतो, मग म्हणतो, "आक्काच्या हातचा नव्हं हा." आणि सगळा पितो.

त्याच्यावर संशय अजून आहेच. त्याला यायला उशीर झाला की संशय जास्तच वाढतो.